अखंड पट्ट्याचा बॅकप्लेट हार्नेस: जोडणी, मापे आणि पाण्यातील तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारकर्लीला स्कूबा शिकलेल्या आणि आता नेत्राणी व अंदमानला जाणाऱ्या एका पाणबुड्याने जॅकेट पद्धतीचा बीसीडी (पाण्यातील तरंगणे सांभाळण्यासाठी हवा भरता येणारे जॅकेट) बाजूला ठेवून पाठीवर बसणारी स्टीलची बॅकप्लेट, तिच्यामागची हवेची पिशवी म्हणजे विंग आणि एकाच अखंड पट्ट्याचा हार्नेस घेतला आहे. हार्नेससोबत मिळालेल्या आकृतीवरून त्याने तो ओवला आणि खांद्याचे पट्टे दोनदा आवळले. तरीही पाण्यात आडवे झाल्यावर प्लेट मानेकडे सरकते, वर पाहिले की डोके रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर (टाकीच्या झडपेवर बसणाऱ्या भागावर) आपटते आणि बाहेर आल्यावर काखेजवळ वळ दिसतात. उरलेला पट्टा आता कापून टाकावा का आणि एका खांद्यावर झटपट उघडणारे बकल बसवावे का, हेही त्याने विचारले आहे.

पहिल्या तक्रारीचे कारण त्याने केलेल्या उपायातच आहे. खांद्याचे पट्टे आवळल्यामुळे प्लेट वर जाते. पट्टा प्लेटच्या वरच्या कडेतून निघतो, खांद्यावरून पुढे येतो, काखेखालून मागे जातो आणि प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात शिरतो. हा वेढा जितका लहान कराल तितकी प्लेट खांद्यांच्या जवळ, म्हणजे डोक्याकडे, ओढली जाते. प्लेट जागेवर धरून ठेवणे हे खांद्याच्या पट्ट्यांचे काम नाही. ते काम कमरेचा पट्टा आणि जांघेतून पुढे येणारा पट्टा मिळून करतात. सह्याद्रीत जड सॅक घेऊन चालणाऱ्यांना कमरपट्ट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. येथे तर पाण्यात शिरताच खांद्यांवरचे ओझे जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे खांद्यांना आवळून घेण्याचे कारणच उरत नाही. म्हणून मी प्रत्येकाला हार्नेस खालून वर लावायला सांगतो: आधी कंबर, मग जांघेचा पट्टा, शेवटी खांदे, आणि कात्री या सगळ्यानंतर.

ही रचना अशी का झाली हे माहीत असले की पुढच्या सूचना पटतात. धातूची बॅकप्लेट १९७९ मध्ये ग्रेग फ्लॅनगन यांनी उत्तर फ्लोरिडातील गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी तयार केली, आणि विल्यम होगार्थ मेन यांनी ती पुढे विकसित केली. त्यांच्याच नावावरून या साध्या मांडणीला होगार्थियन म्हणतात. डोक्यावर खडकाचे छत असताना प्लॅस्टिकचे एखादे बकल तुटले तर सरळ वर येण्याची सोय नसते, म्हणून त्यांनी तुटू शकेल असा प्रत्येक सांधा काढून टाकला. ५० मिलिमीटर रुंदीचा एकच पट्टा, एक स्टीलचे बकल आणि पट्टा अडवणारी काही ट्राय-ग्लाइड (मध्ये दांडा असलेल्या दोन फटींच्या चौकटी), एवढेच त्यात उरले. उघड्या समुद्रात उतरणाऱ्याला इतकी कठोरता लागतेच असे नाही, पण या साधेपणाचा फायदा त्यालाही मिळतो. एकदा माप बसले की ते आपोआप ढिले होत नाही आणि प्रत्येक वस्तू प्रत्येक डायव्हला त्याच जागी सापडते.

आता जोडणी. मुख्य पट्टा साधारण साडेतीन मीटरहून थोडा अधिक लांब असतो. दोन्ही टोके जुळवून त्याचा मध्य शोधा आणि तेथे खडूने खूण करा. प्लेटची खोलगट बाजू तुमच्या पाठीकडे, म्हणजे पाठीचा कणा त्या पन्हाळीत येईल अशी ठेवा; उंचवट्याच्या बाजूला विंग आणि टाकी येते. पट्ट्याचा मध्य वरच्या दोन तिरप्या खाचांच्या मधोमध टाकीच्या बाजूला राहतो आणि दोन्ही टोके त्या खाचांतून पाठीच्या बाजूला बाहेर येतात. काही प्लेटांना वर जादा खाचा असतात. तेथे निर्मात्याच्या आकृतीप्रमाणे जावे, पण खांद्यावर येणारा पट्टा मानेला न घासता किंचित बाहेरच्या दिशेने उतरला पाहिजे, एवढे पाहावे. खालच्या कोपऱ्यात काखेखालून आलेले टोक एका खाचेतून टाकीच्या बाजूला घालायचे आणि शेजारच्या खाचेतून परत पाठीच्या बाजूला काढायचे. तेथून पुढे तोच पट्टा कमरेचा पट्टा होतो. या दोन खाचांमधील घर्षणामुळेच माप टिकते.

नवीन नायलॉनचा पट्टा फार ताठ असतो आणि खाचेत अडतो. तो बादलीभर पाण्यात तासभर भिजत ठेवा. टोक चौकोनी असेल तर दोन्ही कोपरे गोलसर कापा, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून कड वितळवा आणि ती मऊ असतानाच चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. वितळलेल्या कडेला गाठ राहिली तर प्रत्येक खाचेत ती अडेल, आणि पुढे त्याच धारदार कडेने वेटसूटही फाटेल. टोक खाचेतून बोटभर बाहेर आले की पक्कडीने धरून सरळ ओढा, हिसके देऊ नका. प्रत्येक टप्प्यानंतर पट्ट्यावरून तळहात फिरवून पीळ पडला आहे का ते पाहा. एक पीळ नजरेतून सुटला तर सगळे पुन्हा उसवावे लागते, म्हणून हे मी आवर्जून सांगतो.

खालच्या खाचांत शिरण्याआधी खांद्याच्या पट्ट्यावर छातीची डी-रिंग (सामान अडकवण्याची इंग्रजी डी आकाराची कडी) चढवायची असते. तिची रचना नीट समजून घ्या, कारण निम्मे नवे हार्नेस येथेच चुकलेले दिसतात. पट्टा ट्राय-ग्लाइडच्या पहिल्या फटीतून शरीराच्या बाजूने बाहेर काढा. तो डी-रिंगमधून असा न्या की रिंगची सरळ बाजू ट्राय-ग्लाइडच्या मधल्या दांड्यावर बसेल. मग पट्टा दुसऱ्या फटीतून परत आत घाला. रिंग आता दांडा आणि पट्टा यांच्यामध्ये पकडली जाते. ती हाताने जोर लावूनही सहज सरकता कामा नये. सैल वाटली तर ट्राय-ग्लाइडखाली सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घातल्याने पकड वाढते. त्याच ट्यूबची दोन कडी खांद्याच्या पट्ट्यावर ठेवली तर राखीव टॉर्च तेथे बिनआवाज अडकून राहतो. एवढा स्वस्त आणि एवढा भरवशाचा दुसरा भाग या हार्नेसमध्ये नाही. डाव्या खांद्यावर इन्फ्लेटरची, म्हणजे विंगमध्ये हवा भरण्याची, नळी धरून ठेवण्यासाठी लवचिक दोरीचा एक छोटा फास लागतो, तोही याच वेळी ओवून घ्यावा. छातीसाठी किंचित बाहेर वाकलेल्या रिंगा घ्या. त्या अंगाला चिकटून पडत नाहीत आणि हातमोजा घालूनही सापडतात.

कमरेच्या डाव्या पट्ट्यावर आणखी एक डी-रिंग येते, तिच्यावर प्रेशर गेजचे (टाकीतील हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकाचे) बोल्ट स्नॅप, म्हणजे अडकवण्याचा हुक, अडकते. उजव्या बाजूला काही लावण्याची गरज नसते. बकल वेट बेल्टप्रमाणे (वजने बांधायच्या कमरपट्ट्याप्रमाणे) उजव्या हाताने उघडेल असे बसवा, आणि पट्टा बांधल्यावर ते पोटाच्या बरोबर मध्यावर न येता थोडे बाजूला येईल असे पाहा, कारण मध्यावर जांघेच्या पट्ट्याचा फास असतो आणि तो बकलच्या पत्र्याखाली शिरला तर बकल आपोआप उचलले जाऊ शकते. जांघेचा पट्टा प्लेटच्या तळाच्या मधल्या खाचेत ट्राय-ग्लाइडने अडवतात. त्याचे पुढचे टोक फास करून शिवलेले असते आणि त्या फासातून कमरेचा पट्टा जातो. अरुंद, २५ मिलिमीटरचा पट्टाही मिळतो, पण पातळ वेटसूटवर तो काचतो, म्हणून ५० मिलिमीटरचाच घ्यावा. मोटारीच्या सीटबेल्टची पट्टी वापरू नये. ती पातळ आणि गुळगुळीत असल्याने ट्राय-ग्लाइडमध्ये सरकते.

येथपर्यंतचे काम टेबलावर होते. मापे मात्र अंगावरच घ्यायची, आणि तीही ज्या वेटसूटमध्ये उतरणार तोच घालून. घरच्या टी-शर्टवर जुळवलेला हार्नेस सूटवर आखडतो. टाकी न लावता फक्त प्लेट आणि हार्नेस घाला, सरळ उभे राहा आणि कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर, बेंबीच्या खाली, घट्ट बांधा. घट्ट म्हणजे खोल श्वास घेता आला पाहिजे, पण प्लेट दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवली तर तिच्याबरोबर तुमची कंबरही हलली पाहिजे.

मग प्लेटची उंची पाहा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका ठळकपणे वर येतो. प्लेटची वरची कड साधारण त्या मणक्याच्या पातळीवर यावी. हात डोक्यामागून खाली नेला तर बोटांची टोके त्या कडेला लागतात, हीच सोपी खूण. प्लेट वर असेल तर खालच्या खाचांमधून पट्टा खांद्याच्या बाजूला सोडा. असे करताना कमरेचा भाग तेवढाच आखूड होतो हे विसरू नका, कारण पट्टा एकच आहे. पोटावर बकल बांधून किमान वीतभर टोक उरले पाहिजे. दोन्ही खांद्यांची लांबी सारखी झाली का, हे आरशात पाहून ठरवू नये. हार्नेस काढून प्लेट जमिनीवर ठेवा, दोन्ही खांद्याचे वेढे एकावर एक ताणून मोजा. उजवा-डावा फरक बोटभर असला तरी पाण्यात टाकी एका कुशीवर झुकते आणि पाणबुडा त्याचे खापर विंगवर फोडतो.

खांद्याचा पट्टा किती ढिला असावा, यावर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. कॉलरबोनसमोर पट्ट्याखाली पूर्ण सपाट तळहात आरामात सरकला पाहिजे आणि पट्टा पुढे ओढला तर मूठ मावण्याइतकी जागा झाली पाहिजे. हे ढिलेपण आळसातून आलेले नाही. याच जागेमुळे अखंड पट्ट्यातून कोपर वाकवून हात बाहेर काढता येतो, आणि याच जागेमुळे हात मागे नेऊन टाकीची झडप गाठता येते. खांदे आवळलेल्या स्थितीत झडपेपर्यंत हात पोहोचत नाही, हे कोणीही घरीच करून पाहावे. प्रश्नकर्त्याच्या काखेजवळचे वळही याच आवळण्यातून आले आहेत.

छातीच्या रिंगा साधारण काखेच्या पातळीवर, कॉलरबोनखाली चार बोटे, असाव्यात. दोन्ही हात समोर सरळ करा. रिंग दंडाला टोचत असेल तर ती थोडी वर घ्या. मग डोळे मिटून त्याच बाजूच्या आणि विरुद्ध बाजूच्या हाताने ती शोधा. दोन्ही हातांनी पहिल्याच प्रयत्नात सापडली तर जागा योग्य आहे. कमरेची रिंग हात सैल सोडल्यावर अंगठा जेथे लागतो त्याच्या आसपास, शरीराच्या बाजूला ठेवा. फार पुढे आली तर गेज पोटाखाली लोंबकळत प्रवाळाला घासते, आणि अंदमानसारख्या ठिकाणी ते नुकसान भरून यायला वर्षे लागतात.

जांघेचा पट्टा शेवटी. ताठ उभे राहून तो हलकेच ताठ होईल इतकाच ठेवा, मग कमरेत वाका आणि उकिडवे बसा. बसताना तो प्लेट खाली ओढत असेल तर फार आखूड आहे. उलट, मागून प्लेट धरून कोणी वर ढकलली आणि ती दोन-तीन बोटांपेक्षा अधिक सरकली तर तो लांब आहे. प्रश्नकर्त्याचे डोके फर्स्ट स्टेजवर आपटते याचे दुसरे कारण मला येथे दिसते. विंगमध्ये हवा भरली की ती प्लेटला पाठीपासून उचलते आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे डोक्याकडे, सरकवते. तिला अडवणारा एकमेव भाग हा पट्टा आहे. तो नीट केल्यावरही डोके लागत असेल तर टाकीच कॅम बँडमध्ये (टाकी प्लेटला आवळून धरणाऱ्या पट्ट्यात) थोडी खाली घ्या. मात्र झडप हाताच्या आवाक्यात राहिली पाहिजे, ही मर्यादा तेथे पाळावी.

यानंतर जलतरण तलाव, समुद्र नव्हे. पट्टा ओला झाला की नायलॉन थोडा मऊ होतो आणि ताणतो, म्हणून जमिनीवरचे माप पाण्यात थोडे बदललेले आढळेल. तळापासून मीटरभर वर आडवे राहा, हात-पाय स्थिर ठेवा आणि सोबत्याला बाजूने पाहायला सांगा. खांद्याचे पट्टे खांद्यांपासून सुटून तरंगत असतील आणि प्लेट तरीही जागेवर असेल तर जुळणी बरोबर आहे. नवशिक्यांना ते सैल तरंगणारे पट्टे पाहून पुन्हा आवळावेसे वाटतात, तो मोह टाळावा. पाण्यावर येऊन विंग फुगवा, बकल उघडा, डावा हात आधी बाहेर काढा आणि संपूर्ण संच उजवीकडून पुढे घ्या. मग तो परत घाला. मालवण किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ लहान होड्यांवरून उतरताना संच पाण्यातच काढून नावाड्याच्या हाती द्यावा लागतो, त्यामुळे ही क्रिया लाटांत करता येईल इतकी अंगवळणी पडली पाहिजे. समुद्रात उतरल्यावर दहा मीटरच्या आसपास कमरेचा पट्टा एकदा पुन्हा ओढून घ्या, कारण दाबाने निओप्रीन चेपते आणि पृष्ठभागावर घट्ट असलेला पट्टा तेथे सैल झालेला असतो.

खांद्यावरच्या झटपट उघडणाऱ्या बकलबद्दल माझे मत सरसकट नाही. खांदा निखळण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा इतिहास असेल, सांधा आखडलेला असेल, तर डाव्या खांद्यावर एक चांगले बकल बसवणे शहाणपणाचे आहे, आणि उघड्या समुद्रातील डायव्हसाठी त्याचा धोका अल्प आहे. परंतु हात बाहेर निघत नाही म्हणून ते बसवायचे असेल तर आधी पट्टा ढिला करावा. दहापैकी नऊ जणांना त्यानंतर बकल लागत नाही. खांद्याच्या गाद्यांचेही तसेच. पाण्यात त्यांचा उपयोग नाही आणि त्यांचा फोम तरंगतो. नुसत्या लायक्रावर मानेपाशी पट्टा घासत असेल तर उंच गळ्याचा रॅशगार्ड घालणे हा अधिक चांगला उपाय आहे.

वजनाचा मुद्दा प्रश्नात नव्हता, पण स्टीलची प्लेट घेतलेल्याने तो पाहिलाच पाहिजे. तीन मिलिमीटर जाडीची स्टीलची प्लेट साधारण २.७ किलोची असते आणि समुद्राच्या पाण्यात तिचे सुमारे २.३ किलो उरतात. अॅल्युमिनियमची प्लेट ०.९ किलोच्या आसपास असते आणि पाण्यात जेमतेम अर्धा किलो भरते. जॅकेटमधील फोम जो थोडा तरंगत होता तोही आता गेला. म्हणजे तीन मिलिमीटरच्या सूटवर आधी ४ किलो बांधणाऱ्याला आता २ किलोपेक्षाही कमी पुरेल, आणि जुन्याच सवयीने ४ किलो बांधले तर तो सगळा डायव्ह विंग फुगवून काढेल. खातरजमा डायव्हच्या शेवटी करावी, कारण ११ लिटरची अॅल्युमिनियम टाकी रिकामी होत आली की तरंगू लागते: टाकीत ५० बार उरले असताना, विंग रिकामी ठेवून, पाच मीटरवर पाय न मारता थांबता आले पाहिजे. उरलेले वजन वेट बेल्टवर असेल तर तो बेल्ट सगळ्यात शेवटी, हार्नेस आणि जांघेच्या पट्ट्याच्या वरून बांधा. आतून बांधलेला बेल्ट संकटात सोडला तरी खाली पडत नाही, जांघेच्या पट्ट्यात अडकून तेथेच लटकतो. बाकी सगळ्या चुका गैरसोयीच्या आहेत. ही जिवावर बेतू शकते. सोबत्याबरोबरच्या तपासणीत ती दरवेळी पाहून घ्यावी.

आता कात्री. किमान काही डायव्ह, आणि शक्य असल्यास पातळ व जाड अशा दोन्ही सूटमध्ये, केल्याशिवाय पट्टा कापू नका. तोवर जादा टोक कमरपट्ट्यातच मागे खोचून ठेवा. कापताना जाड सूटमध्ये बांधलेल्या बकलच्या पुढे वीतभर टोक राखा. ओल्या, थंड बोटांनी पकडण्याइतके ते हवेच. कापण्यापूर्वी प्रत्येक खाचेशी पट्ट्यावर कायम शाईने रेघ मारून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात, कोकण किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असताना, हार्नेस उसवून गोड्या पाण्यात धुतला तरी तो पुन्हा त्याच मापात ओवता येईल. तेव्हाच खाचांच्या कडांशी पट्टा विसविशीत झाला आहे का ते पाहा. धागे तुटलेले दिसले तर शिवून डागडुजी करू नये, पूर्ण पट्टा बदलावा. सगळ्या सामानातील अगदी कमी किमतीच्या वस्तूंपैकी ही एक आहे.